वॉरंटीतली गाडी आणि बाहेरचं गॅरेज : आमची वाटचाल

धनकवडीत, सातारा रस्त्यापासून थोडं आत, २००९ साली आमचं गॅरेज सुरू झालं. भाड्याची पत्र्याची शेड, एक कॉम्प्रेसर, दोन ट्रॉली जॅक आणि माणसं तीन: मी, धाकटा भाऊ आणि ज्यांना आम्ही सगळे मामा म्हणतो ते मिस्तरी. त्याआधी मी एका अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर होतो. सकाळी गाड्या घ्यायच्या, जॉब कार्ड (तक्रार आणि करायचं काम लिहिलेला कागद) उघडायचं, संध्याकाळी बिल समजावून किल्ली हातात द्यायची. काउंटरच्या आतल्या बाजूला काय चालतं ते मला तिथे कळलं आणि पुढे तेच आमच्या धंद्याच्या कामी आलं.

गॅरेज काढणाऱ्याला लागतं ते सगळं पुण्यात हाताशी आहे. पिंपरीत टाटा मोटर्स, चाकणला महिंद्रा, फोक्सवॅगन, मर्सिडीज, त्यामुळे गाडीचं काम जाणणारी माणसं भरपूर. औंधच्या आयटीआयमधून मुलं मिळतात. सुटा भाग हवा असला की नाना पेठेत माणूस धाडायचा. जुन्या गाड्यांचं काम लवकरच सुरळीत सुरू झालं. नव्या गाडीचे मालक मात्र यायचे ते फक्त विचारायला. “वॉरंटी आहे अजून. तुमच्याकडे ऑइल बदललं तर जाईल का हो?”

याला काय उत्तर द्यायचं यावरून भावाशी माझे बरेच वाद झाले. त्याचं म्हणणं, चालून आलेलं काम परत कशाला पाठवायचं? माझं म्हणणं, वॉरंटी आहे तोवर ठरलेली सर्व्हिसिंग कंपनीतच, म्हणजे अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्येच करा, वेळेत करा आणि नोंद करून घ्या, असंच आपण सांगायचं. शेवटी तसंच ठरलं. सुरुवातीची काही वर्षं पैशाची ओढाताण झाली, पण त्या गाड्या वॉरंटी संपल्यावर आमच्याकडे आल्या आणि राहिल्या.

मी हट्ट धरला त्याला कारण होतं. वॉरंटीचं काम करतो डीलर, पण त्याचे पैसे त्याला गाडी बनवणारी कंपनी देते. डीलर क्लेम टाकतो, फोटो जोडतो, काढलेला भाग टॅग लावून ठेवतो. कंपनीने क्लेम नाकारला किंवा नंतरच्या ऑडिटमध्ये कापला, की तो खर्च डीलरच्या अंगावर पडतो. म्हणून जरा शंका असली की काउंटरवरचा माणूस क्लेम टाकायला कचरतो. “नॉर्मल आहे साहेब, या मॉडेलला येतो असा आवाज,” हे त्यातूनच येतं. मंजुरी देणारा अधिकारी बहुतेक वेळा गाडी बघतही नाही. त्याच्यापुढे असते सर्व्हिस हिस्टरी. तीत एक सर्व्हिसिंग चुकलेली दिसली की नकाराला आयतं कारण मिळतं.

आणि सर्व्हिसिंग चुकते कशी, तर बहुतेकांना किलोमीटर तेवढे लक्षात राहतात. मारुतीचं उदाहरण घ्या. पहिली १,००० किलोमीटर किंवा १ महिना, दुसरी ५,००० किंवा ६ महिने, तिसरी १०,००० किंवा १ वर्ष आणि पुढे दर १०,००० किंवा दर वर्षी. यातलं जे आधी होईल ते. इतर कंपन्यांचे आकडे थोडे इकडे-तिकडे, पण ‘जे आधी’ सगळीकडे आहे. सुरुवातीच्या सर्व्हिसिंगना फुकट म्हणतात, तेही नीट समजून घ्यावं. फुकट असते ती मजुरी. ऑइल आणि फिल्टर यांचे पैसे द्यावेच लागतात, आणि बिल पाहून काउंटरवर होणारी निम्मी भांडणं एवढं आधी सांगितलं तर टळतात.

सहकारनगरच्या एका निवृत्त दांपत्याची गाडी आठवते. मुलं परदेशात. गाडीचं जाणं-येणं बँक, मंडई आणि फार तर पर्वतीच्या पायथ्यापर्यंत. वर्षाला अडीच-तीन हजार किलोमीटर. “दहा हजार झाले कुठे अजून?” असं म्हणत दुसऱ्या वर्षाची सर्व्हिसिंग राहून गेली. तिसऱ्या वर्षी एसीचा कॉम्प्रेसर जाम झाला. कंपनीत सांगितलं, सर्व्हिसिंग चुकली आहे, क्लेम बसणार नाही. काका तो कागद घेऊन आमच्याकडे आले तेव्हा त्यांचा आवाज कापत होता. पैशापेक्षा, आपल्याला हलगर्जी ठरवलं, हे त्यांना लागलं होतं.

मी त्यांच्यासोबत बसून पत्र लिहिलं. मुद्दा एकच ठेवला. एसीचं सर्किट बंद असतं, कॉम्प्रेसरला लागणारं तेल गॅससोबत त्याच सर्किटमध्ये फिरतं. इंजिन ऑइल वेळेवर बदललं नाही याचा कॉम्प्रेसर जाम होण्याशी काय संबंध, हे लेखी सांगा. चेसिस नंबर, किलोमीटर, जॉब कार्डाचा नंबर, नकाराची प्रत, सगळं जोडलं. ईमेल कंपनीच्या ग्राहक विभागाला आणि प्रत डीलरला. काही दिवसांनी कंपनीने भागाची किंमत सोडली, मजुरी काकांनी भरली. पूर्ण न्याय झाला असं मला वाटत नाही, पण तोंडी भांडून एवढंही मिळालं नसतं.

तेव्हापासून आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक गाडीची फाइल आम्ही करतो. गाडी आम्ही दुरुस्त केली असो वा नसो. त्यात कंपनीतली बिलं, जॉब कार्डं, बॅटरी आणि टायरची पावती (त्यांची वॉरंटी त्या-त्या उत्पादकाची असते), विम्याची प्रत. पुढच्या सर्व्हिसिंगची तारीख आणि किलोमीटर दोन्ही आम्ही कळवतो. गाडी कंपनीत जाणार असली तरी कळवतो.

जॉब कार्ड हा तर माझ्या जिव्हाळ्याचा विषय. बिबवेवाडीच्या एका ताई रोज हिंजवडीला गाडीने जायच्या. गाडी जेमतेम वर्षाची. पार्किंगमध्ये स्टिअरिंग फिरवताना पुढून ‘टंग’ असा आवाज यायचा. कंपनीत त्या पुन्हा पुन्हा जाऊन आल्या होत्या आणि दर वेळी कार्डावर लिहिलेलं: जनरल चेक-अप. म्हणजे कागदोपत्री त्या गाडीला कधी आवाज आलाच नव्हता.

मामांनी गाडी लिफ्टवर चढवली नाही, कुठला नटही सैल केला नाही. वॉरंटीतल्या गाडीचा नट बाहेर फिरला की उद्या बोट आपल्याकडे येतं. गाडी जागेवर उभी ठेवून त्यांनी ताईंना स्टिअरिंग सावकाश फिरवायला सांगितलं आणि स्वतः चाकाच्या वरून हात घालून स्प्रिंगवर बोटं ठेवली. चाक वळायला लागलं, स्प्रिंग जागच्या जागी अडून राहिली आणि मग एकदम झटका देऊन सुटली. टंग. “माउंटची बेअरिंग धरतेय,” मामा म्हणाले. माउंट म्हणजे स्प्रिंगच्या वरचा टेकू. तेच पुन्हा करून हाताखालच्या पोराने मोबाइलवर शूटिंग घेतलं.

मग ताईंना काय सांगितलं? कार्डावर तक्रार तुमच्या शब्दांत लिहून घ्या: गाडी उभी असताना, स्टिअरिंग डावीकडे पूर्ण वळवताना, डाव्या पुढच्या बाजूने आवाज. तसं लिहिल्याशिवाय सही करू नका. शूटिंग दाखवा. टेस्ट ड्राइव्हला वर्क्स मॅनेजरना शेजारी बसवा आणि आवाज आला की लगेच, “हाच तो,” म्हणा. काहीच सापडलं नाही असं म्हणाले तर तेही कार्डावर लिहून मागा. वॉरंटी संपायच्या आत तक्रार कागदावर आली असेल, तर पुढे मुदत उलटल्यावरही बोलायला जागा राहते. त्या वेळी मात्र माउंट वॉरंटीत बदलून मिळालं. आम्ही तपासणीचे पैसे तेवढे घेतले. आज त्यांच्या घरच्या दोन्ही गाड्या आमच्याकडे येतात.

सगळंच वॉरंटीत बसतं अशी समजूत करून घेणाऱ्यांनाही आम्ही स्पष्ट सांगतो. ब्रेक पॅड, क्लच प्लेट, वायपर, बल्ब हे झिजणारे भाग, ते सहसा बसत नाहीत. उंदरांनी कुरतडलेलं वायरिंग बसत नाही. बंद उभ्या राहणाऱ्या गाड्यांमध्ये हा त्रास फार आहे आणि त्यासाठी विम्याची पॉलिसी उघडून बघावी लागते. एक्स्टेंडेड वॉरंटी घेताना कोणते भाग धरलेत त्याची यादी आधी मागा.

आमच्या बाजूने एक मोठी गोष्ट २५ ऑगस्ट २०१४ ला घडली. भारतीय स्पर्धा आयोगाने १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग आणि तपासणीची उपकरणं बाहेरच्या गॅरेजांना मिळू देत नाहीत, हा त्यातला मुख्य आक्षेप. त्याच आदेशात असंही होतं, की बाहेर काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही. बाहेरच्या सदोष कामामुळे जेवढं नुकसान झालं तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल. कंपन्या अपिलात गेल्या, दंडाचा वाद पुढे चालू राहिला. पण त्या आदेशाचा तो उतारा छापून आम्ही काउंटरवर लावला. मामा त्या दिवशी खूप खूश होते. आयुष्यभर ‘बाहेरचा मिस्तरी’ म्हणून ऐकून घेतलेल्या माणसाला दिल्लीतल्या एका आयोगाने त्याच्या कामाची बाजू घेतल्याचं समाधान मोठं असतं.

तरी ठरलेली सर्व्हिसिंग कंपनीतच करा, हा सल्ला मी बदललेला नाही. आदेश आपल्या बाजूचा असला तरी वाद गाडी अडकलेल्या माणसाला संध्याकाळी काउंटरवर घालावा लागतो. पंक्चर, बॅटरी, ठोकर, अलाइनमेंट, असली कामं खुशाल बाहेर करा, फक्त बिल पक्कं घ्या आणि त्यावर भागाचा नंबर लिहून घ्या.

तरीही कोणी अडूनच बसलं तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला आणि आता तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगातही करता येते. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं. बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत १९७४ मध्ये पुण्यातच सुरू केली. या शहरात ग्राहकाने पावती जपून ठेवणं नवं नाही, गाडीच्या बाबतीत मात्र ती सवय सुटलेली दिसते.

कंपनीत सांगतात ते प्रत्येक जादा काम करायलाच हवं असंही नाही. इंजिन फ्लश, डीकार्बनायझिंग, अंडरबॉडी कोटिंग, एसी डिसइन्फेक्टंट. हे यादीत आपोआप चढतं. आम्ही गिऱ्हाइकाला गाडीचं मॅन्युअल उघडून शेवटचा तक्ता दाखवतो. त्यात लिहिलं असेल ते करायचं. आणि त्याच तक्त्याच्या जवळ बहुतेक मॅन्युअलमध्ये खडतर वापराचा वेगळा तक्ता असतो, तो कोणी वाचत नाही. थोड्या थोड्या अंतराच्या फेऱ्या, रांगतं ट्रॅफिक, धूळ, घाट. स्वारगेट ते कात्रज रोज जाणाऱ्या गाडीला यातलं काय लागू नाही? छोट्या फेऱ्यांत ऑइल पुरेसं तापत नाही, त्यातला ओलावा आणि पेट्रोलचा अंश उडून जात नाही. अशा गाडीचं ऑइल किलोमीटर भरायची वाट न पाहता बदलावं. ब्रेक ऑइल साधारण दोन वर्षांनी बदलावं, कारण ते हवेतला ओलावा ओढतं आणि घाट उतरताना तापलं की पेडल खाली जातं. १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाड्यांच्या डीपीएफचंही, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचंही तेच. रोज चार किलोमीटर चालवाल तर तो काजळीने भरेल. आठवड्यातून एकदा कात्रजचा बोगदा ओलांडून मोकळ्या रस्त्याने गाडी चांगली पळवून आणा.

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला. सहकारनगर, अरण्येश्वर भागात गाड्या एकमेकींवर चढल्या. सकाळपासून आमचे फोन थांबले नाहीत. आम्ही सगळ्यांना एकच सांगत होतो: किल्ली फिरवू नका. पाणी शिरलेलं इंजिन फिरवलं की कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि मग विमा कंपनी म्हणते, नुकसान पुराने नाही, तुम्ही चालू केल्याने झालं. बॅटरी काढा, पाण्याच्या खुणेसह फोटो घ्या, ओढून आणा. ज्यांनी ऐकलं त्यांची इंजिनं वाचली.

शेडच्या जागी आता दोन लिफ्ट आणि स्कॅनर असलेलं पक्कं वर्कशॉप आहे. भाऊ बिलिंग आणि फाइली बघतो. नव्या गाडीचा मालक आला की तोच आधी विचारतो, “सर्व्हिसिंग वेळेत झालीय ना?” मामांनी हाताखाली तयार केलेली मुलं इलेक्ट्रिक गाड्यांचं प्रशिक्षण घेत आहेत. अनेक कंपन्या बॅटरीला ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटरची वॉरंटी देतात. म्हणून बॅटरी पॅकला आम्ही हात लावत नाही. सस्पेन्शन, ब्रेक, टायर, एसी एवढं करतो, आणि पूर्ण चार्जवर गाडी किती जाते ते दर वेळी फाइलमध्ये लिहून ठेवतो. रेंज घटली तर कंपनीत दाखवायला मालकाकडे तारीखवार नोंद असेल.