गिझरसाठी भोक पाडलं आणि पाइपच फुटला

प्लंबिंगचं काम करून मला बावीस वर्षं झाली, आणि जो प्लंबर म्हणतो ना की माझ्या हातून गिऱ्हाइकाचं कधी काही फुटलं नाही, तो एकतर थापा मारतोय नाहीतर त्याला कामंच मिळत नसणार.

मागच्या दिवाळीच्या आधी सहकारनगरात एका काकूंकडे १५ लिटरचा गिझर बसवायचा होता. तासाभराचं काम. आमच्यात नियम असा की अँगल कॉकच्या, म्हणजे गिझरची नळी जोडतात त्या भिंतीतल्या छोट्या नळाच्या, बरोब्बर वर ड्रिल मारायचं नाही, कारण पाण्याची लाईन तिथून सरळ वर जाते. मी चांगलं हातभर बाजूला मारलं, पण आधी कुणीतरी बाथरूमचं काम करताना पाइप वाचवायला लाईन तिरकी नेलेली, आणि वरून टाइल लागल्यावर ते कुणाच्या बापाला कळणार? दुसऱ्या भोकाला ड्रिल एकदम मऊ गेलं. सिमेंटातून जाताना हाताला जी खरखर लागते ती अचानक थांबते, त्या सेकंदाला पोटात गोळा येतो. बाहेर काढलं तर पाण्याची पिचकारी थेट समोरच्या दारावर.

आधी ड्रिलची पिन उपटली. मग फ्लॅटचा व्हॉल्व फिरवायला गेलो तर तो जाम, वर्षानुवर्षं कुणी हात न लावलेला गेट व्हॉल्व, जोर लावला असता तर तुटून दुसरीच भानगड. हेल्पर पोराला गच्चीवर पळवलं आणि तो टाकीची लाईन बंद करेपर्यंत मी स्क्रूड्रायव्हरला चिंधी गुंडाळून भोकात दाबून उभा. काकू धावत आल्या, "अरे काय झालं रे?"

खरं सांगतो, तोंडात वाक्य तयार होतं, "लाईनच चुकीची टाकलीय हो कुणीतरी." आणि ते खोटंही नव्हतं. पण कसा कोण जाणे आधी निघालं, "काकू, पाइप फुटला माझ्या हातून, घाबरू नका, मी करून देतो." तिरक्या लाईनचं नंतर सांगितलं, टाइल फोडल्यावर, दाखवून. आधी सांगितलं असतं तर त्यांनी ऐकलंच नसतं, मी तरी ऐकलं नसतं.

आमच्या लाईनीत झाकपाक करणारे खूप आहेत. कमोडचे बोल्ट गरजेपेक्षा जास्त आवळले की तळाला बारीक चीर जाते, काहीजण त्यावर व्हाइट सिमेंट फासून पैसे घेऊन निघतात, दोन-चार महिन्यांनी खालच्या मजल्याच्या छताला ओल आली की मग बोंब. दुसरा प्रकार म्हणजे "तडा आधीपासूनच होता". यावर माझ्या उस्तादाचा उपाय म्हणजे काम सुरू करायच्या आधी गिऱ्हाइकासमोर टाइलवर नाणं वाजवायचं, पोकळ आवाज आला की तिथल्या तिथे सांगायचं. मी आता मोबाइलवर फोटोही काढून ठेवतो, कारण उलटंही होतं, जुना तडा आमच्या नावावर खपवणारी गिऱ्हाइकंही कमी नाहीत. एकाने मला सरळ ग्राहक आयोगाची धमकी दिलेली. तक्रार होऊ शकते बरं का, २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात आमचं कामही सेवेतच येतं आणि १९१५ हा ग्राहक हेल्पलाईनचा नंबर आहे. पण बेसिनच्या नळासाठी कोण जातंय.

असो. पाइपाचं काम सोपं असतं, खराब तुकडा कापायचा, जोडायला कपलर, चिकटवायला सोल्युशन, आणि रात्रभर सुकू द्यायचं. खरा घोळ टाइलचा. चार टाइल फोडाव्या लागल्या, त्या ८ बाय १२ इंचाच्या जुन्या, आता दुकानात बघाल तर सगळं १२ बाय १८ नाहीतर १२ बाय २४. आणि साइज मिळाली तरी बॅच बदलली की शेड बदलते, भिंतीवर ठिगळ दिसतंच. तीन दुकानं फिरलो, बुधवारी जुन्या बाजारातही चक्कर मारली, नाही मिळाल्या. (नवीन काम करून घेत असाल तर एक बॉक्स माळ्यावर टाकून ठेवा राव.) शेवटी काकूंनीच डोकं लावलं, ती पूर्ण ओळच काढून निळी पट्टी टाकू म्हणाल्या.

पैशाचं असं ठरलं की गिझरची मजुरी मी घेतली नाही, पाइप, सिमेंट, फोडाफोडी माझी, टाइलचे पैसे अर्धे-अर्धे. काका म्हणत होते सगळे यानेच द्यावेत, त्यावर आत दोघांचं बरंच चाललं, मी बाहेर चहा पीत गप्प बसलो. दोन दिवसांची रोजी गेली. हेल्पर पोराच्या पगारातून काही कापलं नाही, काही ठेकेदार कापतात, मला नाही पटत, ड्रिल माझ्या हातात होतं.

गेल्या महिन्यात त्यांनीच फोन करून बोलावलं, स्वयंपाकघरातला नळ गळत होता. बाथरूममध्ये हात धुवायला गेलो तर निळ्या पट्टीच्या वर काळ्या मार्करने तिरकी रेघ मारलेली आणि शेजारी काकूंच्या अक्षरात, "इथून पाइप जातो. भोक पाडू नये."