कडी कुठंय?

विद्यापीठाच्या वेधशाळेत आकाशदर्शन असलं की माझी नेमणूक गच्चीवरच्या दुर्बिणीपाशी. ग्रह आयपीसच्या, म्हणजे डोळा लावायच्या भिंगाच्या, मधोमध आणायचा, रांग हलती ठेवायची आणि 'नळीला हात लावू नका' हे घसा बसेपर्यंत सांगायचं. शनी दाखवला की कुणीतरी हमखास विचारतं, "आत स्टिकर चिकटवलाय ना?"

नोव्हेंबर २०२५ मधल्या त्या शनिवारी मात्र उलटंच झालं. अमावस्या नुकतीच सरलेली, आकाश लख्ख, रांग जिन्यापर्यंत. पहिलंच पोरगं स्टुलावर चढलं आणि ओरडलं, "कडी कुठंय?" मागून एका काकांनी समजुतीच्या सुरात सुचवलं, "बिघडली असेल तर सांगा, पुढच्या वेळी येऊ."

बिघडलं काहीच नव्हतं. शनीच्या साडेएकोणतीस वर्षांच्या फेरीत दोनदा अशी वेळ येते की कडी आपल्याला कडेनं दिसतात. त्या आठवड्यात त्यांचा कल अर्ध्या अंशापेक्षाही कमी होता. मुख्य कड्यांचा व्यास पावणेतीन लाख किलोमीटरच्या घरात, जाडी मात्र बऱ्याच ठिकाणी दहा-वीस मीटरच, मग दिसणार काय? मी दुर्बिणीचं झाकण डोळ्यांसमोर आडवं धरून दाखवलं. १६१२ मध्ये गॅलिलिओही असाच चक्रावला होता, हेही सांगितलं. काकांचं समाधान काही झालं नाही.

मग एका आजींचा नंबर आला. नातू ओढत होता, त्या जागच्या हलेनात. "मी शनीला समोरून बघत नाही. देवळातसुद्धा बाजूनं हात जोडते."

आमची ती दुर्बीण न्यूटोनियन. तिचा आयपीस नळीच्या कुशीत असतो, ग्रह एकीकडे आणि बघणाऱ्याचं तोंड दुसरीकडे. म्हटलं, "आजी, हिच्यात बाजूनंच बघायचं असतं." त्यांनी नळी कुठं रोखलीय ते पाहिलं, आपण कुठं उभ्या राहणार ते पाहिलं, पदर सावरला आणि वाकल्या.

बराच वेळ उठेनात. रांगेत चुळबुळ सुरू झाली. "मण्यातून सुई आरपार गेलीय," त्या तशाच वाकून म्हणाल्या. "दोन्हीकडे टोकं दिसतात की."

झालं! बघून गेलेले पुन्हा रांगेत. काका सगळ्यांत पुढं.

"पूर्ण कडी कधी दिसायची?" जाताना आजींनी विचारलं.

"हळूहळू उघडतील. सगळ्यात जास्त २०३२ च्या सुमारास."

त्यांनी बोटांवर हिशेब केला. "माझी मेष रास. साडेसाती तेव्हाच सुटतेय. येईन की मग, समोरून बघायला!"