टांगानिकाचे पाणी आता पुरेसे ढवळत नाही

टांझानिया, काँगो लोकशाही प्रजासत्ताक, बुरुंडी आणि झांबिया या चार देशांत विभागलेले टांगानिका सरोवर सुमारे ६७० किलोमीटर लांब असून सर्वांत खोल जागी त्याची खोली १,४७० मीटर आहे. एवढ्या पाण्यात जलचर मात्र वरच्या शंभर-दोनशे मीटरांतच आढळतात, कारण त्याखाली प्राणवायूच नाही आणि तेथे काही जिवाणूंखेरीज कोणी तग धरत नाही.

तरीही वरच्या जीवांचे पोषण त्या निर्जीव पाण्यावरच अवलंबून आहे. मेलेले शैवाल आणि जीव खाली जाऊन कुजतात आणि त्यांतला नायट्रोजन व फॉस्फरस तेथेच साठत राहतो. मे ते सप्टेंबर या काळात आग्नेयेकडून येणारे वारे पृष्ठभागाचे पाणी उत्तरेकडे लोटतात, तेव्हा दक्षिण टोकाला खालचे गार आणि पोषक पाणी वर चढते. त्यावर शैवाल वाढते, शैवालावर सूक्ष्म प्राणी जगतात आणि त्यांच्यावर टांझानियात ‘डागा’ म्हणून ओळखले जाणारे चिमुकले मासे पोसले जातात. रात्री दिवे लावून पकडलेले हे मासे किनाऱ्यावर वाळवले जातात आणि दूरच्या बाजारांपर्यंत पोहोचतात.

तापमानवाढीने घाव घातला आहे तो या ढवळण्यावर. पाणी तापले की हलके होते. पण २५ अंशांवरून २६ वर जाताना त्याची घनता जितकी घटते, ती ५ वरून ६ वर जाताना होणाऱ्या घटीच्या कित्येक पट असते. म्हणूनच उष्ण कटिबंधातल्या सरोवराला अर्ध्या-एका अंशाची वाढही जड जाते. दुधावर साय धरावी तसा वरचा कोमट थर घट्ट बसतो आणि वाऱ्याला तो पूर्वीइतका मोडता येत नाही.

२००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनाने शैवालाचे उत्पादन सुमारे २० टक्क्यांनी घटले असावे आणि त्यामुळे मासळीचे उत्पन्न सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाले असावे, असा अंदाज मांडला. त्यावर वाद होणे स्वाभाविक होते, कारण विसाव्या शतकाच्या मध्यापासून येथे व्यापारी मासेमारी वाढली आणि घटीचे खापर जाळ्यांवर फोडणे सोपे होते. मला निर्णायक वाटतो तो तळाच्या गाळाचा पुरावा. थरावर थर साचलेल्या त्या गाळातले माशांचे अवशेष तपासून २०१६ मध्ये संशोधकांनी दाखवले की माशांची घट व्यापारी मासेमारीच्या आधीच सुरू झाली होती. अतिमासेमारी निर्दोष ठरते असे नव्हे. आधीच आटलेल्या उत्पन्नावर तिने आणखी भार टाकला.

आपल्याकडे हौशी मंडळी टांगानिकाला ओळखतात ती मत्स्यालयातल्या ‘फ्रंटोसा’सारख्या सिक्लिड माशांमुळे. येथे सिक्लिडच्या सुमारे २५० जाती असून बहुतेक जगात इतरत्र कोठेही नाहीत. तळाशी राहणाऱ्या गोगलगायी आणि खेकड्यांमध्येही अशा खास जाती पुष्कळ आहेत, आणि त्यांची अडचण वेगळी आहे: मिश्रण मंदावले की प्राणवायूची सीमा वर सरकते. त्याच २०१६ च्या अभ्यासानुसार, तपासलेल्या भागांत १९४६ पासून प्राणवायू असलेल्या तळापैकी ३८ टक्के तळ नाहीसा झाला आहे.

मासेमारीवर हंगामी बंदी घालणे योग्यच आहे, पण किती मासे पकडावेत याची मर्यादा सरोवराच्या जुन्या उत्पन्नावरून ठरवली, तर ती आज फार सैल ठरेल. जागतिक उत्सर्जनात नगण्य वाटा असलेल्या या चार देशांतल्या कोळ्यांना ती अधिक कडक मर्यादा पाळावी लागणार आहे.