बापाने कारभार कधी सोडावा?

अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या अर्बाना गावातून कुठल्याही दिशेला गाडी काढा, थोड्याच वेळात मका आणि सोयाबीन सुरू होतं. ऑक्टोबरमध्ये काढणी झाली की खालची काळीभोर जमीन दिसते. मी परभणीकडची, पहिल्या वर्षी ती पाहून गाडी थांबवून खालीच उतरले. आपली माती काळ्या पाषाणाची, इथली हजारो वर्षं उगवून कुजलेल्या गवताची. इथे युनिव्हर्सिटीत १८७६ पासून चालू असलेलं मक्याचं प्रयोगाचं शेत आहे. त्यावर सावली पडू नये म्हणून शेजारची लायब्ररी चक्क जमिनीखाली बांधली!

याच युनिव्हर्सिटीत सोन्या सॅलमन शिकवत असत. मानववंशशास्त्रज्ञ म्हणजे दूरच्या बेटांवर जाणारी माणसं, असं मला वाटायचं. या बाईंनी मात्र इलिनॉयमधली शेतकरी घरंच अभ्यासाला घेतली. पुढे खेड्यांत राहायला आलेली शहरी माणसं, मग ट्रेलर म्हणजे हलवता येणाऱ्या तयार घरांच्या वस्त्यांमधली कुटुंबंही. पण माझ्या मनात घर केलं ते त्यांच्या १९९२ च्या 'प्रेअरी पॅट्रिमनी' या पुस्तकाने.

त्यात त्या म्हणतात, माती तीच, पिकं तीच, तरी गावांचे नूर वेगळे. असं का? जर्मन वंशाच्या घरांत एक तरी मुलगा त्याच जमिनीवर राहिला पाहिजे, ही आस. म्हणून बाप वेळेवर बाजूला होतो, गावात घर करतो आणि शेत मुलाच्या हाती देतो. ही वडीलधारी मंडळी गावात राहतात, म्हणून गाव नांदतं. ब्रिटिश वंशाच्या, 'यांकी' शेतकऱ्यांना शेती हा धंदा. पोराने स्वतःच्या हिमतीवर उभं राहावं. बाप कारभार शेवटपर्यंत सोडत नाही. पोरं पांगतात, गावही विरळ होत जातं.

हे वाचताना मला आमचंच घर दिसत होतं. अण्णा ७८ वर्षांचे, दादा पन्नाशीचा. बियाणं कुठलं आणायचं ते अजून अण्णाच ठरवतात. पुतण्या शेतकीची पदवी घेऊन पुण्यात नोकरी शोधतोय. त्याला शेतीच करायची होती, हे मला ठाऊक आहे, आणि त्याचं फार वाईट वाटतं.

दिवाळीत फोनवर अण्णांना या जर्मन घरांचं सगळं सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "ती म्हातारी माणसं मग दिवसभर करतेत तरी काय?"

"सकाळी गावात कॉफीला जमतात," मी म्हटलं, "आणि मग गाडी काढून शेत बघून येतात."

"रोज?"

"रोज, अण्णा."