तुम्ही विचारलंत म्हणून : चिनी 'सानफू'च्या तारखा दर वर्षी का हलतात?

सानफू म्हणजे चीनमधले ऐन उकाड्याचे दिवस. 'सान' म्हणजे तीन: या दिवसांचे पहिला, मधला, शेवटचा असे तीन भाग, आणि प्रत्येक भाग म्हणजे एक 'फू'. ते २०२३ साली ११ जुलैला लागले, २०२५ साली २० जुलैला. कधी ३० दिवसांचे, कधी ४० दिवसांचे. हे कसं ठरतं आणि त्या दिवसांत तिकडची माणसं मुगाचं पाणी कोमटच का पितात, असे दोन प्रश्न मला नेहमी विचारले जातात.

बहुतेकांना वाटतं, हा चांद्र महिन्यांचा हिशेब असणार. तसं नाही. चिनी पंचांगात दिवस मोजण्यासाठी दहा नावांचं एक चक्र आहे. दहा दिवसांचा आठवडाच समजा. आपला सोमवार जसा तिथी बघून येत नाही, तसंच हे चक्रही चंद्राकडे न बघता फिरतं. त्यातल्या सातव्या दिवसाचं नाव 'गंग'. २१ जूनच्या आसपास वर्षातला सर्वांत मोठा दिवस येतो. तिथून तिसरा गंग आला की पहिला फू लागतो, चौथ्याला मधला. शेवटचा फू मात्र 'लीछियू'नंतरच्या पहिल्या गंगला. पहिला आणि शेवटचा फू नेहमी दहा-दहा दिवसांचे. लीछियू म्हणजे शरदाचा आरंभ. तो सूर्यावर ठरतो, म्हणून आपल्या मृग नक्षत्रासारखाच जवळपास ठरल्या तारखेला येतो, ७ किंवा ८ ऑगस्टला.

खरी गंमत मधल्या फूची. २०२५ साली पाचवा गंग ९ ऑगस्टला, म्हणजे लीछियू उलटल्यावर आला. मधला फू दहाच दिवसांचा झाला आणि एकूण ३० दिवसांत सुटका झाली. त्या वर्षी चिनी पंचांगात सहावा महिना अधिक होता, तरी या हिशेबाला धक्का लागला नाही. २०२६ साली पाचवा गंग ४ ऑगस्टला, लीछियूच्या आधीच येतो. त्यामुळे मधला फू वीस दिवसांचा होतो. तिन्ही फू लागतात ते असे: १५ जुलै, २५ जुलै, १४ ऑगस्ट, एकूण ४० दिवस. मोजताना हमखास होणारी चूक अशी, की मोठा दिवस स्वतःच गंग असेल तर तो सोडून दिला जातो. तो पहिला धरायचा असतो. २०२३ साली २१ जून हाच गंग होता, म्हणून तर ११ जुलै इतक्या लवकर फू लागला.

गंगच का? पंचतत्त्वांच्या चिनी मांडणीत गंग धातूचा, उन्हाळा अग्नीचा. अग्नीपुढे धातू दडून बसतो, आणि 'फू' या शब्दाचा अर्थच दडून राहणं.

आता खाणंपिणं. उत्तरेत पहिल्या फूला उकडलेले डंपलिंग, दुसऱ्याला नूडल्स, तिसऱ्याला तव्यावरची पोळी आणि अंडं. जिआंगसू प्रांतातल्या शूजौमध्ये तर याच उकाड्यात मटणाचा रस्सा ओरपतात, घाम निघावा म्हणून! पण घरोघरी होतं ते मुगाचं पाणी, आपल्या कढणाचं पातळ भावंड. १०० ग्रॅम अख्खे हिरवे मूग धुऊन दीड लिटर पाण्याच्या आधणात सोडा, झाकण ठेवा, ८-१० मिनिटं उकळून पाणी गाळा. ते हिरवट दिसायला हवं. लालसर झालं, तर दोष बहुधा पाण्याचा. जड, अल्कधर्मी पाण्यात सालीतली द्रव्यं हवेशी संयोग पावून लाल होतात. बीजिंगच्या नळाच्या पाण्यात हे नेहमीचंच. आधणात अर्धा चमचा लिंबाचा रस टाकला की रंग टिकतो. लोखंडी भांडं टाळा, पाणी काळपट होतं. उरलेले मूग फेकू नका. वेगळ्या पाण्यात फुटेपर्यंत शिजवून साखर घाला. कोमट पिण्याचं कारण चिनी वैद्यकातलं: बर्फगार पेयाने पोट बिघडतं, अशी समजूत. उकळत्या उन्हातून आलेल्याला ती फारशी पटत नाही, हेही खरं.

फूची नेमकी तारीख खरोखर लागते ती 'सानफूथिए'साठी. पांढऱ्या मोहरीची आणि इतर औषधींची पूड आल्याच्या रसात मळून तिन्ही फूंच्या पहिल्या दिवशी पाठीवर लावतात. हिवाळ्यातला दमा-खोकला उन्हाळ्यातच अडवायचा, ही कल्पना. मोहरी कातडी भाजते. जास्त वेळ राहिली तर फोड येतात, म्हणून आग होऊ लागताच लेप काढायचा, आणि घरी करून तर बघायचाच नाही.