परत आलेली बारोलो

उत्तर इटलीतल्या आल्बा गावात नोव्हेंबर म्हणजे पांढऱ्या ट्रफलचा, म्हणजे जमिनीखाली वाढणाऱ्या सुगंधी बुरशीचा हंगाम. मी जिथे वाइन वाढते त्या रेस्टॉरंटमध्ये टेबल रिकामं राहत नाही. अशाच एका रात्री २०१६ ची बारोलो, म्हणजे नेब्बिओलो द्राक्षाची लाल वाइन, एका टेबलावरून परत आली. वाइनला लोखंडाची चव येते, बाटली खराब आहे, अशी पाहुण्यांची तक्रार होती.

आधी मी वास घेतला. बुचाचा दोष असला की ओल्या पुठ्ठ्यासारखा वास येतो आणि फळाचा गंध दबतो. इथे वाळलेला गुलाब, चेरी, किंचित डांबर असा नेब्बिओलो द्राक्षाचा गंध स्वच्छ येत होता. रंग फिका, कडेला विटकरी. नेब्बिओलो असंच दिसतं. त्यावरून वाइन पचपचीत असेल असं समजू नये.

खरं कारण टेबलावरच होतं. मातीच्या भांड्यात बान्या काउदा गरम होत होती: ऑलिव्ह तेल, खारवलेली अँचोव्ही (छोटे मासे) आणि परंपरेनं माणशी एक गड्डा लसूण. त्यात भाज्या बुडवून खातात. वाइनमधल्या लोहाच्या अंशामुळे माशाच्या चरबीला उग्र, धातूसारखी चव येते. त्यात नेब्बिओलोचं टॅनिन, म्हणजे तोंड तुरट करणारा घटक, भरपूर, म्हणून तोंड आणखी कोरडं पडतं.

मी त्या पदार्थासोबत बार्बेरा द'आल्बा ही लाल वाइन दिली, १५ अंशांवर. तिचा आंबटपणा तेल कापतो आणि टॅनिन कमी असल्यानं तुरटपणाची भर पडत नाही. मात्र नव्या लाकडी पिंपात मुरवलेली बार्बेरा इथे चालत नाही, कारण लाकूड स्वतःचं टॅनिन देतं. दोल्चेत्तो ही लाल वाइनही मी टाळते; तिच्यात आंबटपणा कमी, त्यामुळे तेल जिभेवरच राहतं.

बारोलोची बाटली शेकोटीजवळ राहून तापली होती. गरम वाइनमध्ये अल्कोहोल नाकात चढतो. ती बर्फ-पाण्यात दहा मिनिटं ठेवून १७ अंशांच्या आसपास आणली. फार थंड केली तर टॅनिन आणखी टोचतं. मग डिकँटरमध्ये, म्हणजे वाइन ओतून ठेवायच्या काचेच्या भांड्यात, ओतून बाजूला ठेवली, ती थेट ब्राझातोपर्यंत. वाइनमध्ये मंद आचेवर तासन्‌तास शिजलेलं हे गोमांस. मांसातली प्रथिनं टॅनिन धरून ठेवतात, म्हणून तोच घोट मऊ लागतो. त्याच पाहुण्यांनी तीच वाइन पुन्हा भरून मागितली. शेवटी उरलेली कास्तेलमान्यो चीजबरोबर संपली.