वडिलांच्या नावावरची वीज-ठेव : माझा अनुभव

ऑगस्ट २०१९ च्या महापुरानंतर कोल्हापूरच्या शुक्रवार पेठेतील आमचे जुने घर राहण्याजोगे उरले नाही, म्हणून आम्ही सानेगुरुजी वसाहतीत आलो, जुन्या घराचा मीटर कायमचा बंद करून घेतला आणि अखेरचे बिलही चुकते केले. वडिलांच्या नावावरची सुरक्षा ठेव मात्र वीज कंपनीकडेच राहिली. पुढे वडील वारले, आणि जुनी बिले चाळताना ठेवीची रक्कम धाकट्या बहिणीच्या नजरेस पडली.

कार्यालयात चौकशी केली तेव्हा खिडकीवरील लिपिकांनी एका वाक्यात सगळे सांगितले : “मागितल्याशिवाय ठेव परत जात नाही, दादा.” वीज कायदा २००३ चे कलम ४७ हेच म्हणते. ग्राहकाकडून तारण घेण्याचा अधिकार कंपनीला आहे, त्यावर किमान रिझर्व्ह बँकेच्या ‘बँक दरा’इतके व्याज देण्याचे बंधन आहे, आणि ज्याने ठेव दिली त्याने मागणी केल्यावर ती परत करायची आहे. देणाराच हयात नसेल तर मागणी वारसांनी करायची. पण भाड्याच्या खोल्या बदलत राहिलेल्या किंवा भावकीत कागद विखुरलेल्या कुटुंबांत ती करायला कोणी बसत नाही.

महापालिकेचा मृत्यू दाखला, वारसांचे प्रतिज्ञापत्र, आई आणि भावंडांची संमतीपत्रे, रद्द केलेला धनादेश हे सारे जमले. अडले ते मूळ पावतीपाशी. पुरात भिजून ती बिलांच्या गठ्ठ्याला चिकटली होती. वेगळी करताना वरचा पापुद्रा निघाला, आणि शिक्क्याची निळी शाई वडिलांच्या नावावर पसरलेली दिसली. कोपऱ्यातला छापील क्रमांक तेवढा वाचता येत होता. शेवटी बारा आकडी ग्राहक क्रमांकावरून नोंद सापडली आणि पावतीऐवजी हमीपत्र चालले. त्यानंतर अर्ज बिलिंगकडे की लेखा शाखेकडे, यात तो बराच काळ रेंगाळला. आवक शिक्क्याची पोच हाती नसती तर तो पुन्हा पहिल्यापासून भरावा लागला असता, असे मला वाटते.

पैसे आईच्या खात्यात जमा झाले. वाटणी केली असती तर प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम महिन्याचा किराणा आला असता. त्याच सुमारास जुन्या गल्लीतील शिलाईकाम करणाऱ्या मावशींना वीजपुरवठा तोडण्याची नोटीस आली होती. कलम ५६ प्रमाणे अशी नोटीस किमान पंधरा दिवस आधी लेखी द्यावी लागते, म्हणून हालचालीला अवधी होता. थकबाकीत अतिरिक्त सुरक्षा ठेवीचीही रक्कम होती. आईने ठेवीच्या पैशांतून मावशींचे बिल भरायला सांगितले. मावशी म्हणाल्या, “फुकटचं नको बाळा, शिलाईतून फेडते.” त्यांनी आईच्या चार ब्लाउजांची शिलाई त्यात धरली, आणि तो हिशेब आम्ही निमूट मान्य केला.

हे आम्ही घरापुरते केले, पण याची रीतसर व्यवस्थाही होऊ शकते. अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात कोणी दावा न केलेल्या वीज-गॅससारख्या सेवांच्या अनामती सहाय्यता निधीत जातात आणि त्यातून गरजू कुटुंबांना मदत मिळते. आपल्याकडे बँकांतील दहा वर्षे दावा न झालेल्या ठेवी २०१४ पासून रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण व जागरूकता निधीत जातात, तरी खातेदाराचा हक्क शाबूत राहतो. २०२३ पासून ‘उद्गम’ पोर्टलवर त्या शोधताही येतात. वीज-ठेवींसाठीही अशी शोधता येणारी यादी हवी, आणि वारसाचा हक्क राखून उरलेल्या रकमेतून थकलेल्या घरगुती बिलांना हातभार लागावा, असे माझे स्पष्ट मत आहे. तोडलेली जोडणी पुन्हा घ्यायची तर थकबाकीबरोबर जोडणीचा आकारही भरावा लागतो. ज्याला मूळ बिलच जड गेले त्याला तो कुठून झेपणार?

सध्या आमच्या तालमीत रविवारी सकाळी मी अशा अर्जांसाठी बसतो. येणाऱ्यांना एकच सांगणे असते : जुने बिल नसले तरी बिल भरल्याची एखादी जुनी पावती शोधून आणा, तीवर ग्राहक क्रमांक असतो, आणि मीटर बंद करण्याचा अर्ज द्याल त्याच दिवशी ठेव परतीचाही द्या, म्हणजे वारसांच्या कागदांची वेळच येणार नाही.